बरणीतला वर्ख

ईश्वर बनसोडे यांचं आयुष्यात कुणाशी फारसं वाकडं आलं नाही, याचं मुख्य कारण ते मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस एकटाच असतो. भांडायची हौस आली तरी ड्रायव्हर पार पुढच्या टोकाला. कुर्डुवाडीहून सुटलेली गाडी केम स्टेशनात बाजूच्या रुळावर एकदा उभी केली, की सगळ्या एक्सप्रेस निघून जाईपर्यंत तिची कुणी चौकशी करत नसे. तेवढ्या वेळात ईश्वररावांनी विज्ञानाची इतकी पुस्तकं वाचली, की गाडी वेळेवर सुटली तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापूरला होटगी रस्त्याच्या कॉलनीत घर बांधलं आणि कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. एका रविवारी धम्मावर, दुसऱ्या रविवारी विज्ञानावर. विज्ञानात त्यांना विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं विशेष प्रिय. त्या वीस वर्षांत जगाला काय झालं होतं कुणास ठाऊक. कुणी पंख लावून उडत होतं, कुणी तारेशिवाय समुद्रापलीकडे बोलत होतं, कुणी पेटंट कचेरीत बसल्या बसल्या काळाचा हिशेबच बदलून टाकला. ईश्वरराव हे सगळं असं रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे स्वतः तिथं हिरवं निशाण घेऊन उभे होते. आठवड्यात रविवार हा एकच दिवस असा होता, की त्या दिवशी ते सकाळी उठल्याबरोबर दाढी करत. बाकीचे दिवस दाढीला आणि त्यांनाही तसं काही काम नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी विषय होता आकाशातून येणारे किरण. विजेचा चार्ज दिलेल्या धातूच्या पानांच्या यंत्रातला चार्ज आपोआप का उतरतो, हे त्या काळी शास्त्रज्ञांना कळेना. जमिनीतून काही निघत असावं, असं वाटून एक पाद्री ते यंत्र घेऊन पॅरिसच्या आयफेल टॉवरवर चढला. मग १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा गडी फुग्यात बसून पाच किलोमीटर उंच गेला आणि त्याला दिसलं, की वर चार्ज जास्तच भराभर उतरतोय. म्हणजे किरण वरून येतात. आत्ता या क्षणीसुद्धा ते आपल्या डोक्यातून आरपार चाललेत, असं सांगून ईश्वररावांनी नाट्यपूर्ण थांबा घेतला. दोघातिघांनी डोक्यावरून हात फिरवून पाहिला.

तेवढ्यात शिवप्पांनी हात वर केला. शिवप्पा शेजारच्या प्लॉटमधले. जन्म अक्कलकोटचा, नोकरी कोर्टात, शिरस्तेदार म्हणून निवृत्त. साक्षीदार काय काय फेकतात, हे ऐकण्यात त्यांची हयात गेलेली. वर्गाला ते ईश्वररावांच्या बायकोच्या, मीनाबाईंच्या, चहासाठी येतात असं ते स्वतःच सांगत.

"गार्डसाहेब," ते म्हणाले, "हे ऐकीव हाय का पाहिलेलं?"

ईश्वरराव म्हणाले, पुस्तकात आहे.

"म्हंजे ऐकीव. मागच्या रविवारी तुमीच सांगितला की, बुद्धांनी म्हटलंय, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पुस्तकात हाय म्हणून मानू नका, सोता तपासा. मी ते लई मनावर घेतला."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. सगळे गंभीरपणे उत्तराची वाट पाहत बसले. स्वतःच्याच भाषणाने माणूस असा कोंडीत सापडला, की त्याला रागवायलाही कुणी उरत नाही. ईश्वरराव लाल झाले आणि नको ते बोलून गेले. बुद्धपौर्णिमेला, सकाळच्या वंदनेनंतर, याच हॉलमध्ये दाखवतो. नाही दाखवलं, तर हा वर्ग बंद.

मीनाबाई मागे कपात चहा ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. रविवार गेला तर हा माणूस घरात बसून काय करील, हे त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

यंत्र तसं साधं. काचेची बरणी, झाकणातून आत सोडलेली तांब्याची तार, तारेच्या टोकाला धातूची दोन अतिशय पातळ पानं. तारेला चार्ज दिला, की पानं एकमेकांपासून दूर सरकतात. चार्ज उतरला, की मिटतात. त्या काळी लोक सोन्याची पानं वापरत. ईश्वररावांची पेन्शन तेवढी नव्हती, म्हणून त्यांना चांदीचा वर्ख सुचला. मिठाईवरचा. मिठाईवाल्याने सांगितलं, नुसता वर्ख विकत नाही. तेव्हा त्यांनी काजूकतली घेतली आणि तिच्यावरचा वर्ख दाढीच्या पात्याने सोडवायचा प्रयत्न केला. वर्ख सुटला, पण तुपासकट आणि काजूसकट. आणखी काजूकतली आली. उघडी पडलेली कतली फेकून देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं आणि ती खाणं त्यांच्या शुगरमध्ये बसत नव्हतं. स्वभाव जिंकला. शेवटी मीनाबाई त्याच दुकानात गेल्या, पौर्णिमेच्या खिरीवर घालायला पाहिजे म्हणाल्या आणि कागदांत घातलेली वर्खाची थप्पी घेऊन आल्या.

वर्ख कापायचा तर घरात वारा नको. सोलापूरचा मे महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि बनसोड्यांच्या घरातले सगळे पंखे बंद. ईश्वरराव श्वास रोखून कात्री चालवत. श्वास सोडला की वर्ख उडून कपाळाला चिकटे. दोन दिवस ते कपाळावर चांदी लावून हिंडत होते आणि लोक काही विचारत नव्हते, याचंही त्यांना वाईट वाटलं.

पानं एकदाची तारेला लागली. झाकण मेणाने बंद केलं. आता चार्ज द्यायचा. त्यासाठी नळकामातला पीव्हीसी पाइप घेतला आणि तो घासायला अर्थातच सोलापुरी चादर. गावचा अभिमान. पाऊण तास घासून घासून ईश्वररावांचा खांदा भरून आला, पाइप चकचकीत झाला आणि पानं जराशी थरथरल्यासारखी करून पुन्हा गप्प बसली. चादर मीनाबाईंनी नुकतीच पाणी मारून खिडकीला लावली होती आणि ओल्या कापडाने चार्ज टिकत नाही, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. मग मुलीच्या लग्नातली मीनाबाईंची रेशमी साडी निघाली. ती कशी निघाली, त्यावर काय बोलणं झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

साडीने मात्र काम केलं. पाइप तारेला टेकवला आणि बरणीत चांदीची दोन पानं हळूच फाकली. कुणी हात लावला नाही, वारा नाही, आणि ती तशीच उभी राहिली. ईश्वररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या लोणच्याच्या बरणीत घडते, याला काय म्हणावं. मीनाबाई साडीचं दुःख विसरून बरणीसमोर मांडी घालून बसल्या. जेवणं झाली, भांडी झाली, ऊन कलायला आलं, तेव्हा कुठं पानं मिटत मिटत आली.

"अवो, ह्यांला खाली कोण पाडतंय?" त्यांनी विचारलं.

किरण हवेतून जाताना हवेलाच चार्ज देतात, तीच हवा पानांचा चार्ज पळवते, असं ईश्वररावांनी समजावलं. मेणातूनही थोडा झिरपत असेल, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग किरणांनी किती पाडलं आनि मेणानं किती?"

घरातही एक शिवप्पा निघाला, असं वाटून ईश्वरराव जरा वेळ गच्चीवर जाऊन बसले. तिथंच त्यांना पाण्याची टाकी दिसली.

कॉलनीच्या सोसायटीची ही टाकी चांगली उंच होती. पाद्री टॉवरवर चढला, आपण टाकीवर चढू. एक बरणी वर, एक खाली, दोन्हींचं मेण सारखं. फरक पडला तर तो मेणाचा नाही. विचार खरोखर चांगला होता. फक्त टाकीवर चढायला सोसायटीची परवानगी लागत होती आणि सोसायटीचा सचिव इंद्रजीत हा बँकेत नोकरीला असल्यामुळे कागदाशिवाय श्वासही घेत नसे. तो म्हणाला, काका, अर्ज द्या, आपण घेऊन टाकू. अर्ज आला. पण सोसायटीच्या मोबाइलवरच्या पद्धतीत अर्ज टाकायला दोनच जागा होत्या, थकबाकी आणि तक्रार. ईश्वररावांची थकबाकी नव्हती. त्यामुळे संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर आपोआप निरोप पडला: टाकीवर किरण असल्याची तक्रार प्राप्त. चौकशी चालू.

त्यानंतर जे झालं, त्यात खरं म्हणजे दोष कुणाचाच नाही. किरण दिसत नाहीत, आरपार जातात आणि आपल्या टाकीवर आहेत, एवढं कळल्यावर कुठल्या गृहिणीने ते पाणी डाळीला वापरावं? काहींनी पिण्याचे जार मागवले. काहींनी टाकी मोबाइलच्या टॉवरला किती जवळ आहे ते पावलांनी मोजलं. उलट मागच्या गल्लीतल्या सोनाबाई गुडघे शेकायला बनसोड्यांकडे येऊन बरणीला पाय लावून बसू लागल्या आणि तीन दिवसांत पुष्कळ उतार आहे म्हणाल्या. ईश्वरराव दारोदार जाऊन सांगू लागले, की किरण फक्त टाकीवर नाहीत, ते सगळीकडेच आहेत, तुमच्या स्वयंपाकघरातही आहेत. याने लोकांना जितका धीर यायला हवा होता, तितका आला नाही.

कमिटीने तातडीची बैठक घेऊन टाकी रिकामी करून धुवायचं ठरवलं. उद्या पाण्याची पाळी आहेच, पुन्हा भरेल. टाकी धुतली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कॉलनीत बादल्यांचे आवाज येऊ लागले आणि ईश्वररावांना पाहिलं की ते आवाज वाढू लागले. गाडी उशिरा सुटली म्हणून मालगाडीच्या गार्डला कधी कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. हा अनुभव त्यांना नवीन होता. परवानगी मात्र मिळाली, कारण रिकाम्या टाकीवर कुणी चढलं काय आणि न चढलं काय.

ते चढले. पोटाशी बरणी, गळ्यात पाइप, खांद्यावर रेशमी साडी. खाली सावलीत दुसरी बरणी घेऊन मीनाबाई. साक्षीदार म्हणून शिवप्पा खुर्ची टाकून मध्ये बसले, वर एकदा पाहत आणि खाली एकदा पाहत. दोन्ही बरण्यांना एकदम चार्ज दिला. दुपारभर ईश्वरराव टाकीवर तापत बसले. पाणी आलं का बघायला चढलेत, असं समजून लोक खालून विचारत राहिले.

संध्याकाळी वरखाली हाका मारून वेळा जुळवल्यावर मीनाबाईंनी निकाल सांगितला. दोन्ही बरण्यांतली पानं बरोबरच मिटली. वरची झाली तर जरा मागेच राहिली.

ईश्वरराव शिडीवरून उतरताना फार सावकाश उतरले. त्यांना आता पुस्तक पुन्हा आठवत होतं. पाद्र्यालाही टॉवरवर असंच कोड्यात पडायला झालं होतं. फरक दिसायला फुगा लागला होता, पाच किलोमीटर लागले होते. सोसायटीची टाकी त्यात थोडीशी कमी पडत होती. शिवप्पा नुसती खुर्ची उचलून घरी गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

पौर्णिमेच्या सकाळी ईश्वररावांनी दाढी केली. मीनाबाईंनी पांढरी साडी नेसली आणि खिरीचं पातेलं पुढे पाठवलं. जे हाय ते सांगा, एवढंच त्या म्हणाल्या. बरणीतली पानं कुणी हात न लावता मिटतात, एवढं तरी दाखवायचं, बाकी कबूल करायचं, असं ईश्वररावांनी ठरवलं.

विहार भरला होता. पाण्यावरून चिडलेलेसुद्धा आले होते, किंबहुना ते पुढे बसले होते. प्रयोग आहे म्हणून मुद्दाम एक उंच टेबल आणून बुद्धमूर्तीच्या अगदी पायाशी मांडलं होतं. बरणीला मानाची जागा. त्रिशरण, पंचशील झालं. मग एकेक घर पुढे येऊन मूर्तीसमोर मेणबत्ती लावू लागलं. दरवर्षी पाचसात मेणबत्त्या लागत. आज कॉलनी लोटली होती, त्यामुळे बरणीच्या तिन्ही बाजूंना ज्योतीच ज्योती झाल्या. शिवप्पांनीही एक लावली.

ईश्वररावांनी पाइप साडीवर घासला, तारेला टेकवला. पानं फाकली. लोकांनी माना उंचावल्या. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पानं पटकन मिटली.

त्यांना वाटलं, आपलाच हात लागला. पुन्हा घासलं, पुन्हा टेकवलं. पानं फाकली आणि लगेच मिटली. तिसऱ्यांदा तेच. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. सोनाबाई शेजारणीला सांगू लागल्या, किरण लई जोराचं हायत, गुडघ्याला उगाच गुण आला न्हाय. पौर्णिमेमुळे जोर आला असेल, असंही कुणी म्हणालं. इंद्रजीतने फोनवर सगळं टिपून घेतलं.

शिवप्पा उठले. त्यांनी टोपी नीट केली, कोर्टात करत तशी. "पाहिलं," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. मान्य हाय."

आता नुसतं हात जोडून खाली बसायचं होतं. वर्ग वाचला होता, टाकीचं पाणी विसरलं गेलं होतं, शेजारी हरला होता. ईश्वररावांना हे सगळं स्वच्छ दिसत होतं आणि त्यांना ते हवंही होतं. मनापासून हवं होतं. त्यांनी मीनाबाईंकडे पाहिलं. मीनाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या कपाळाला आठ्या घालून बरणीकडे पाहत होत्या, कारण घरी हीच पानं उन्हं कलेपर्यंत उभी राहिलेली त्यांनी मांडी घालून पाहिली होती.

"नाही," ईश्वरराव म्हणाले. टाळ्या थांबायला जरा वेळ लागला. "हे ते किरण नव्हेत. घरी यांना दिवस लागतो. इथं दुसरंच काहीतरी होतंय."

"काय होतंय मंग?" शिवप्पांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

एवढं बोलून त्यांना अचानक फार हलकं वाटलं आणि लगेच फार वाईटही वाटलं, कारण दाखवलं नाही तर वर्ग बंद, हे सगळ्यांना पाठ होतं. ते बरणी उचलायला वाकले. पण शिवप्पांनी बरणीवर हात ठेवला. थांबा, म्हणाले. मला डोळ्यानं दिसलं आणि ते खोटं निघालं, असं माझ्या नोकरीत कधी झालं नाही. हे मी असं सोडणार नाही.

मग त्या हॉलमध्ये जे सुरू झालं, तसं काही कॉलनीच्या एकाही बैठकीत कधी झालं नव्हतं. कुणी म्हणालं, पंखा. पंखे बंद केले, पानं मिटलीच. कुणी म्हणालं, माणसांचा श्वास. सगळे हॉलच्या दारापर्यंत मागे सरले, अवघडून उभे राहिले, पानं मिटलीच. मेण वितळलं असेल, टेबल लोखंडी आहे, साडी धुतली होती का. इंद्रजीतने एकदा सूचना करायला आधी हात वर केला.

"घरी मी मेणबत्ती लावली नव्हती की," मीनाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मेणबत्त्यांकडे पाहिलं. मूर्तीपुढच्या ज्योती, तेही पौर्णिमेच्या, विझवायच्या कुणी? कुणाचाच हात होईना. शिवप्पांनी तोडगा काढला. मेणबत्त्या हलवायच्या नाहीत तर बरणी हलवू. मिरवणुकीसारखी बरणी बाहेर ओट्यावर आणली. ईश्वररावांनी पाइप घासला, टेकवला. पानं फाकली.

आणि फाकलेलीच राहिली.

मग मीनाबाईंनी आत जाऊन एक नवी मेणबत्ती पेटवून आणली आणि हळूहळू बरणीजवळ नेली. हातभर अंतरावर पानं थरथरली. वीतभर अंतरावर पडली. ओट्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सगळे तिथल्या तिथे खाली बसले, पुन्हा एकदा दाखवा म्हणाले, आणि मीनाबाईंनी पुन्हा दाखवलं. मग ज्याला त्याला स्वतः करून पाहायचं होतं. ज्योतीभोवतीची हवा चार्ज पळवते, असं ईश्वरराव सांगायला लागले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांना आपलं भाषण कुणी ऐकत नाही याचा पहिल्यांदाच राग आला नाही.

सगळ्यांचं करून झाल्यावर ईश्वररावांनी घसा साफ केला. आपण जे दाखवू म्हणालो होतो ते हे नव्हे, आकाशातले किरण काही दाखवता आले नाहीत, तेव्हा ठरल्याप्रमाणे वर्ग आजपासून बंद, असं ते उभे राहून म्हणाले.

शिवप्पांनी उत्तर द्यायच्या आधी मेणबत्ती फुंकर न घालता आत नेऊन इतरांत लावून टाकली. परत येऊन बरणीला पुन्हा चार्ज द्यायला लावला. पानं फाकली, उन्हात चमकली.

"ही आता संध्याकाळपर्यंत पडणार," ते म्हणाले. "मेणबत्ती न्हाय, पंखा न्हाय, कुणी हात लावला न्हाय. तरी पडणार. हौदु का न्हाय?"

या कानडी 'हौदु'ला ईश्वरराव मराठीत हो म्हणाले.

"मंग कोण पाडतंय, हे अजून शाबीत व्हायचंय. चौकशी अपुरी असताना प्रकरण बंद करता येत न्हाय, गार्डसाहेब. मी कोर्टात लई वर्षं काढलीत. असल्या वेळी एकच करता येतं." त्यांनी टोपी नीट केली. "तारीख पडली. पुढचा रविवार."

कोर्टात तारीख पडल्यावर आनंदाने डोळे पुसणारा पक्षकार शिवप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मीनाबाई म्हणाल्या, खीर गार होतीय, आत चला. कुणी उठलं नाही. वर्खाची दोन पानं अगदी हळू, दिसेल न दिसेल अशी जवळ येत होती आणि सगळी कॉलनी पंख्याशिवाय, मे महिन्यात, ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी मीनाबाईंनी खीरच बाहेर आणली. उरलेला वर्ख त्यांनी तिच्यावर घातला नाही, रविवारसाठी जपून ठेवला.